पळायला जागा

मुंबईच्या ऑफिसात 'मी पनवेलला राहतो' असं सांगितलं की समोरचा आधी दयेने बघतो आणि मग म्हणतो, "पण आता तुमची मजा आहे बाबा, एअरपोर्ट आला!" त्यापुढचा प्रश्न हमखास जागेच्या भावाचा. पनवेलच्या आजूबाजूला अजूनही बैल पळतात आणि ते बघायला कल्याण-बदलापूरपासून माणसं टेम्पो भरून येतात, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

तर आजचा विषय शर्यत. म्हणजे खरं तर शर्यतीचं मैदान.

ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या पनवेल-उरण-कल्याण पट्ट्यातली लाडकी शर्यत म्हणजे बिनजोड. दोन छकडे, प्रत्येकाला दोन बैल, सरळ पट्टा. जो आधी निशाण ओलांडेल तो जिंकला. एका मालकाने दुसऱ्याला आव्हान द्यायचं आणि दुसऱ्याने ते घ्यायचं, बस्स. छकडा म्हणजे शेतातली बैलगाडी नव्हे. वजन शक्य तितकं कमी केलेला दोन चाकांचा सांगाडा, त्यावर एक माणूस कसाबसा टिकून असतो. सातारा-सांगलीकडे त्या माणसाला सरळ 'ड्रायव्हर' म्हणतात. तिकडे पाच-सहा गाड्या एकदम सुटतात आणि गट, सेमी, फायनल असा रीतसर सामना होतो. पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगाव-खेड-मावळात, प्रकार आणखी वेगळा. तिथे चढाच्या 'घाटा'त एका वेळी एकच गाडा पळतो, गाड्याला चार बैल, पुढे घोडी आणि स्पर्धा घड्याळाशी. बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. एवढ्यासाठी माणसं सकाळपासून उन्हात उभी असतात आणि स्पीकरवरचा निवेदक "भिर्रर्रर्र" म्हणून ओरडला की अंगावर काटा येतो. माझ्या तरी येतो.

मी दहावीच्या निकालाची वाट बघत होतो तेव्हा, ७ मे २०१४ ला, सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूचं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. त्याआधी २०११ सालीच केंद्र सरकारने 'ज्यांचे खेळ करू नयेत' अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं होतं. यादीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड आणि आता बैल. बिचाऱ्याला एवढी भारी कंपनी आयुष्यात कधी मिळाली नसेल :) पुढची सात वर्षं नुसता कोर्टाचा खेळ चालला. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई हायकोर्टाने अडवलं, प्रकरण पुन्हा दिल्लीला. बैल हा पळणारा प्राणी आहे की नाही हे ठरवायला सरकारने एक समितीसुद्धा नेमली आणि तिने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल दिला. हे आमच्या गावाकडच्या मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

बंदीच्या काळात शर्यती थांबल्या असं समजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी शर्यत जाहीर झाली, प्रशासनाने बंदोबस्त लावला, तर मंडळींनी रातोरात दुसऱ्याच माळावर ट्रॅक तयार केला आणि पहाटेच शर्यत उरकून टाकली. एका रात्रीत ट्रॅक! आमच्याकडे टेस्ट सर्व्हर उभा करायला तीन दिवस आणि चार अप्रूव्हल लागतात.

असो. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता नियम आहेत. पट्टा १००० मीटरपेक्षा लांब नको, काठी नको, विजेचा शॉक नको, डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच २०२३ च्या एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस होतं थार गाडी. एकेकाळी जिथे ढाल आणि फेटा मिळायचा तिथे आज एसयूव्ही. यूट्यूबवर लाइव्ह, वर ड्रोन, खाली लाखोंची गर्दी. वरवर बघितलं तर या खेळाचे इतके चांगले दिवस कधीच नव्हते.

मलाही तसंच वाटत होतं. मग आयोवा राज्यातल्या एका माणसाशी गप्पा सुरू झाल्या.

आमचा क्लायंट अमेरिकेत, डे मॉइन नावाच्या शहरात आहे. रात्रीच्या डिप्लॉयमेंटला माझ्याबरोबर कॉलवर असतो तो तिकडचा एक पन्नाशीचा गृहस्थ. स्क्रिप्ट चालू असताना बोलायला काहीतरी हवं म्हणून मी त्याला छकड्याचा व्हिडिओ पाठवला. त्याने उलट मला स्प्रिंट कारचा पाठवला. त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर नॉक्सव्हिल नावाचं सात-आठ हजार वस्तीचं गाव आहे. तिथे अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे आणि १९६१ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे स्प्रिंट कारची राष्ट्रीय स्पर्धा भरते. गावाच्या दुपटीहून जास्त माणसं स्टँडमध्ये बसतात. म्हणजे आपली जत्राच की!

स्प्रिंट कार ही अजब चीज आहे. नळ्या वेल्ड करून केलेला पिंजरा, ड्रायव्हर धरून वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि ताकद सुमारे ९०० हॉर्सपॉवर. डोक्यावर पत्र्याचा भलामोठा पंख, गाडी जमिनीला दाबून धरायला. मेथॅनॉलवर चालते. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, आणि (हे मला फार आवडलं) स्टार्टरही नाही. मागून ट्रकने ढकलून सुरू करावी लागते. जे जे काढता येईल ते काढून टाकायचं आणि फक्त वेग शिल्लक ठेवायचा, हा छकड्याचाच हिशोब. तिकडे शर्यतीआधी मातीवर पाणी मारून रोलर फिरवतात. आपल्याकडेही मैदान तयार करणारा माणूस ओल बघतो, ढेकळं फोडतो, दगड वेचतो. मातीची नस कळणारा माणूस दोन्हीकडे लागतो आणि दोन्हीकडे त्याचं नाव कुठल्याही पोस्टरवर नसतं.

तो म्हणाला, गाड्यांना काही धोका नाही, ड्रायव्हर भरपूर आहेत, पैसाही आहे. ट्रॅक मरतात. लॉस एंजेलिसजवळ गार्डेनाला अॅस्कॉट पार्क नावाचा मोठा नावाजलेला मातीचा ट्रॅक होता. जमीन भाड्याची. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची शर्यत झाली आणि बंद. फिनिक्स शहरातला मँझनिटा २००९ मध्ये विकला गेला आणि तिथे अवजड यंत्रं हलवणाऱ्या एका कंपनीचं यार्ड झालं. बऱ्याच ठिकाणी गोष्ट एकाच क्रमाने घडते. ट्रॅक गावाबाहेर असतो, शहर वाढत त्याच्यापर्यंत येतं, नव्या घरांत राहायला आलेली माणसं आवाजाची आणि धुळीची तक्रार करतात, दरम्यान जमिनीचा भाव असा होतो की मालकाला शर्यत भरवणं परवडेनासं होतं.

मग नॉक्सव्हिल कसा टिकला? त्याने एका वाक्यात सांगितलं. ती जमीन त्यांच्या जत्रेची आहे. म्हणजे तिथल्या काउंटीची जी शेतकी जत्रा भरते, तिची संस्था त्या ट्रॅकची मालक आहे. विकायची कुणी आणि कुणाला?

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आपला नकाशा नीट दिसला. पुण्याचा गाडा का टिकला? बंदीच्या सात वर्षांत घाटावर गवत उगवलं, पण घाट जागेवर होता. कारण तो घाट गावाच्या यात्रेचा. खेडचं निमगाव घ्या, आंबेगावचं थापलिंग घ्या, दोन्हीकडे खंडोबा बसलाय आणि घाट त्याच्या यात्रेशी बांधलेला आहे. तिथे टॉवर उभा करायची हिंमत बिल्डर करणार नाही, आणि केलीच तर गाव त्याला सोडणार नाही. आमच्याकडे तसं नाही. आमचं मैदान म्हणजे भात कापून झाल्यावर रिकामं पडलेलं कुणाचं तरी शेत. दिवाळीनंतर बांध सपाट करायचे, पट्टे आखायचे आणि पावसाच्या तोंडापर्यंत खेळायचं. मालकाने हो म्हटलं तर मैदान, नाही म्हटलं तर काहीच नाही. अलिबागकडे निदान समुद्रकिनारा तरी आहे, ओहोटीला पुळणीवर गाड्या पळतात. आम्हाला होती फक्त शेतं.

आणि शेतं कुठे गेली हे मी तुम्हाला सांगायला नको. सिडको १९७० ला आली. विमानतळाला ११६० हेक्टर जागा लागली आणि त्यासाठी दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. धावपट्टी ३७०० मीटर. (कायद्याने बैलाला दिलेल्या पट्ट्याच्या पावणेचार पट, असा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला.) विमानतळाच्या भोवती 'नैना' आहे, २०१३ मध्ये जाहीर झालेली. त्यात नगर रचना योजना येते, मालकाची साठ टक्के जमीन रस्ते, उद्यानं, सोयीसुविधा अशा कामांसाठी जाते आणि चाळीस टक्क्यांचा आखीव भूखंड त्याला परत मिळतो. परत मिळालेल्या भूखंडावर कोणी भात लावत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी स्वतः त्याच पट्ट्यात टू बीएचके शोधतोय. आईबाबांना लिफ्ट हवी, मला पार्किंग हवं, आणि ठाण्यात माझ्या पगारात ते बसत नाही. तेव्हा 'बिल्डरांनी गिळलं हो सगळं' असा गळा काढायचा अधिकार मला नाही आणि काढायचाही नाही. ज्या शेतकऱ्याने तीन पिढ्या भाताचं एक पीक काढलं त्याला भूखंडाचे पैसे मिळाले तर ते चुकीचं कसं? माझ्याच टीममधला एक जण तिथल्या एका गावचा आहे. त्याच्या घरच्या जमिनीचे पैसे आले तेव्हा चुलत्याने पहिली खरेदी केली ती खिलार बैलाची! जमीन गेली आणि त्याच पैशातून बैल आला. आता बैल गोठ्यात पंख्याखाली उभा आहे, दूध-अंडी-पेंड असा आमच्या हॉस्टेलच्या मेसपेक्षा बरा खुराक खातो, आणि पळायला त्याला टेम्पोत घालून घाट चढून मावळात न्यावं लागतं.

जरा विचार करा, शेतीतून बैल जवळपास गेलाच आहे. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मधल्या सात वर्षांत देशभरातला गोवंशातल्या नरांचा आकडा सुमारे ३० टक्क्यांनी घसरला. ट्रॅक्टर आला, बैल परवडेना. खिलाराचा देखणा खोंड आज कोणी जिवापाड सांभाळत असेल तर तो बहुतेक शर्यतीसाठी. त्यामुळे 'शर्यत बंद करा म्हणजे बैल सुखी होतील' हे मला पटत नाही. पण 'आम्ही पोटच्या पोरासारखं सांभाळतो' हे शौकिनांचं पालुपदही मी जसंच्या तसं घेत नाही. शेपूट पिरगाळलेली मी पाहिली आहे. हाताच्या मुठीत काहीतरी टोचायचं लपवलेला माणूसही पाहिला आहे. गर्दी पट्ट्यावर येते, बैल बुजतो, छकडा माणसांत घुसतो. जिंकण्या-हरण्यावरून हाणामाऱ्या होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला तर शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला होता.

आता यातली प्रत्येक गोष्ट मैदानाशी येऊन थांबते. एका दिवसापुरत्या घेतलेल्या शेतात कोण कुंपण घालणार? कॅमेरा कुठे लावणार? पशुवैद्य बिचारा एका खुर्चीत, मंडपाच्या कोपऱ्यात, शेजारी डीजे. सगळे नियम कागदावर बरोबर आहेत आणि ते लागू करायला चार खांबसुद्धा जागेवर नाहीत. कायम मैदान असेल तर लोखंडी कठडे येतील, सुटण्याच्या जागी आणि निशाणाला कॅमेरे येतील, मुठी तपासता येतील, भांडण स्क्रीनवर मिटेल.

तामिळनाडूने हे केलंय. मदुराईजवळ अलंगनल्लूरच्या बाजूला, कीळकरै गावी, साठ कोटींहून जास्त खर्च करून त्यांनी जल्लीकट्टूसाठी कायमचं स्टेडियम बांधलं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू केलं. मला त्यातलं सगळंच आवडलं असं नाही. नुसतं काँक्रीट ओतून खेळ येत नाही, हे आपण नोएडाला बघितलंय. बुद्ध सर्किट केवढ्या थाटात २०११ ला उघडलं, फॉर्म्युला वन तीन वर्षं आलं आणि गेलं. तिथे ट्रॅक होता, गाव नव्हतं. आमच्याकडे बरोबर उलट आहे.

तर मागच्या महिन्यात मी आणि तो टीममेट एका रविवारी त्याच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो. नगर रचना योजनेचा मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. म्हटलं, सूचना तरी करू. आधी हिशोब केला. १००० मीटर लांब, ३० मीटर रुंद म्हणजे तीन हेक्टर, साधारण साडेसात एकर. शिवाय पुढे बैल थांबायला मोकळी जागा हवी, बाजूला माणसं, टेम्पो, पाण्याचे टँकर. दहा-बारा एकर सहज. बिनजोडला एवढा लांब पट्टा लागत नाही, म्हणून आम्ही तो निम्मा केला. तरी अडचण एकरांची नाहीच, आकाराची आहे. स्प्रिंट कार गोल फिरते, तिचा ट्रॅक चौकोनी भूखंडात गुंडाळून बसवता येतो. बैल सरळ पळतो. इतका लांबट तुकडा कुठला प्लॅनर मोकळा सोडेल?

लांबट आणि मोकळं असं त्या नकाशात एकच काही होतं, हाय टेन्शन लाइनखालचा पट्टा. तिथे इमारत बांधता येत नाही, कोणाला विकता येत नाही. मला एकदम काहीतरी सापडल्यासारखं झालं. मी उत्साहाने चुलत्यांना नकाशा दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "आनि पावसाली हवेत तारा करकरतान, तवा? बैल बुजल ना रं तो!"

"काका, पावसाळ्यात शर्यत कुठे असते?"

"पन बैलाला फेरी ता रोज लागते ना."

मला यावर उत्तर सुचलं नाही. टीममेटने लाइनचा मुद्दा खोडला आणि खेळाच्या मैदानांची आरक्षणं दोन ठिकाणी शेजारी-शेजारी आहेत, ती एकाला एक जोडून लांबट करावीत असं लिहिलं. मग 'प्रयोजन' या शब्दापुढे येऊन अडलो. आरक्षणांच्या यादीत शाळा आहे, बाजार आहे, उद्यान आहे, स्मशानभूमी आहे. शर्यतीचं मैदान असा प्रकारच नाही. 'सांस्कृतिक' लिहिलं तर तिथे हॉल बांधतील. 'क्रीडांगण' लिहिलं तर क्रिकेटचं टर्फ. शेवटी काकांनीच सांगितलं, "यात्रेचं मैदान असं लिव."

गावची यात्रा चैत्रात असते, एक दिवसाची. पालखी निघते, पाळणे येतात. आम्ही तसं लिहिलं, गावातल्या लोकांच्या सह्या घेतल्या (बैल असलेल्यांपेक्षा नसलेल्यांच्या जास्त झाल्या, हे मला अनपेक्षित होतं) आणि सोमवारी सुट्टी टाकून त्याने अर्ज देऊन पोच आणली. आयोवाच्या माणसाला त्या पोचेचा फोटो पाठवलाय. त्याला मराठी येत नाही, पण शिक्का बघून त्याने विचारलं, हे झालं का मग? मी म्हटलं, नाही, आवक नोंद झाली. त्या शब्दाचं इंग्रजी त्याला समजावता समजावता डिप्लॉयमेंट संपलं.